उजव्या काखेतल्या गाठीबाबतचा हिरवा पुरावा

आदरणीय ताई यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात साबणाने, मग राखेने आणि मग पुन्हा साबणाने धुतलेले आहेत. तरीही कागदाच्या कडेला हिरवट बोटं उमटलेली दिसतील. त्याचा खुलासा पुढे येईलच. तोवर कागद विकणाऱ्याला दोष देऊ नये.) तुमचं ब्लडप्रेशर आता कसं आहे? साडूसाहेबांचा गुडघा जिना चढताना आवाज करायचा, तो अजून तेवढाच करतो, की आता उतरतानाही करायला लागलाय? त्यांना माझा निरोप द्या, की आवाज येतोय तोवर काळजी नाही. आमच्या खात्यात आवाज करणाऱ्या पाइपाला कुणी भ्यायचं नाही, अचानक गप्प झालेल्या पाइपाचीच धास्ती असायची. इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचा मजकूर वाचताना ते फार डोक्यात धरून बसू नका.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही साडूसाहेबांना विचारलंच असेल. त्याचं असं आहे, की तुमचा नंबर लावला की तुमची बहीण घराच्या कुठल्याही कोपऱ्यात असली तरी येऊन माझ्या शेजारी उभी राहते. मग मला हवापाण्यापलीकडे काही बोलता येत नाही. शिवाय गेल्या तीन वर्षांत तुम्ही माझ्याशी फोनवर जे काही बोललात ते सगळं गोळा केलं तर 'तिला द्या' एवढंच भरेल. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तिच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही महिनाभर येऊन राहिलात, सगळं घर अंगावर घेतलंत, आणि तुम्ही तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतलंत म्हणून मी भर जेवणात, ताटाशेजारी कागद ठेवून, तेल पाइपात कसं थिजतं याची तुम्हाला आकृती काढून दाखवली. तुम्ही त्याच संध्याकाळी बॅग भरलीत. जाताना दारात मला 'भुयारी मेहुणे' म्हणालात तेही मी मनाला लावून घेतलेलं नाही. सारी नोकरी शहराच्या भुयारी गटारांवर ओव्हरसिअर म्हणून काढलेल्या माणसाला ती पदवी शोभतेच. (तेलाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.)

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या बहिणीच्या उजव्या काखेत गाठ आली आहे. जरा एकदम लिहिलं गेलं, पण हे वाक्य हळूहळू लिहायची युक्ती मला सापडली नाही. मागचं दुखणं डावीकडचं होतं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तिकडचं सगळं काढलं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले (आले ते कुरळे आले, आयुष्यभर सरळ केस विंचरलेल्या बाईला ते अजून आपले वाटत नाहीत), आणि आम्ही तो विषय मिटला असं धरून चाललो होतो. त्यामुळे आता उजवीकडे गाठ आली म्हटल्यावर शक्यता दोनच. एक म्हणजे ते परत आलं. दुसरी म्हणजे बोट. घाबरून जाऊ नका. मी पूर्णपणे बोटाच्या बाजूचा आहे, आणि माझ्याजवळ त्याचा पुरावाही आहे. हे पत्र त्या पुराव्याबद्दलच आहे.

बोटाची हकिगत अशी. तुम्हाला माहीत आहे, की ही अजून शाळांच्या वाचनालयांची फाटकी पुस्तकं घरी आणून बांधते. जेवणाच्या टेबलावर खळ, पुठ्ठे, दोरा आणि तिचं ते लांबलचक दाभण कायम पडलेलं असतं, आणि आम्ही दोघं टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यात जेवतो. महिन्याभरापूर्वी एका जाडजूड शब्दकोशाला टाके घालताना ते दाभण तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसलं. तिने बोट तोंडात घातलं, बाहेर काढलं आणि शब्दकोश पुरा केला. बोट पिकलं, ठणकायला लागलं, आणि थोड्या दिवसांनी केस विंचरताना तिला ती गाठ हाताला लागली. आता लहानपणी तुम्हीही पाहिलं असेल, पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधान, म्हणजे गाठ, यायचं, आणि घरातली म्हातारी माणसं जांघ सोडून आधी पायाकडे बघायची. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तशी गत झाली. कारण तिच्या हातात होतं, आणि मी शेजारचे, त्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांमधला एक गुरांचा डॉक्टर, अशा सगळ्यांना विचारत फिरत होतो. (गुरांचा डॉक्टर म्हणाला की गाय असती तर त्याला नक्की सांगता आलं असतं. मी हे घरी येऊन सांगितलं, ते सांगायला नको होतं.)

गाठ केवढी आहे यावरून आमच्यात मतभेद आहेत. मी वाटाणा म्हणतो. ही म्हणते की असा वाटाणा भाजीवाल्याने दिला तर मी तो शेजाऱ्यांना बोलावून दाखवीन. वाद नको म्हणून मी माझी पाइप मोजायची पट्टी काढली. पट्टीच्या दोन जबड्यांत वस्तू धरली की आकडा मिळतो. अडचण एवढीच निघाली, की ती पट्टी गटारांसाठी बनवलेली असल्यामुळे तिचं सगळ्यात लहान माप गाठीपेक्षा बरंच मोठं आहे. म्हणजे पट्टीच्या हिशेबाने गाठ अस्तित्वातच नाही. हे मी तिला समजावून सांगितलं. तिला त्यातून फारसा दिलासा मिळाला नाही, पण पट्टी थंडगार आहे, ती परत काखेत आणू नका, एवढं मात्र तिने स्पष्ट सांगितलं.

शेवटी मागच्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई हुशार आहेत, पण वेटिंगमध्ये बसवतात फार. त्यांनी बोट पाहिलं, काख दाबून पाहिली, डावीकडची जुनी खूण पाहिली आणि गोळ्या लिहून दिल्या. थोडे दिवस वाट पाहू म्हणाल्या. बोटामुळे आलेली असेल तर गाठ आपोआप बसेल, नाही बसली तर ती काढून तपासायची. मी म्हटलं, बोटातला पू काखेत कसा काय पोचतो ते जरा नीट सांगा, मी पाण्याच्या वाटा जन्मभर पाहिल्यात, मला समजेल. बाहेर रांग होती, तरी बाईंनी एक कागद उलटा केला आणि चित्र काढायला घेतलं. ताई, ती माहिती अशी आहे की ती मी तुम्हाला दिल्याशिवाय राहू शकत नाही. साडूसाहेबांनाही वाचून दाखवा.

आपल्या शरीरात रक्ताच्या नळ्यांखेरीज आणखी एक जाळं आहे, लसिकेच्या नळ्यांचं. मांसामांसातून जे पाणी झिरपून साचतं ते गोळा करून परत रक्तात नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम. थोडक्यात सांडपाण्याची लाइन. (एवढ्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या खात्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.) त्या लाइनवर ठिकठिकाणी चेंबर असतात, त्यांना गाठी म्हणायचं. काखेत आहेत, जांघेत आहेत, गळ्यात आहेत. त्या सगळ्यांना असतात, फक्त एरवी हाताला लागत नाहीत. आता दाभणाबरोबर जंतू आत आले. कातडीत पहारेकरी पेशी गस्त घालत असतातच. त्यांतली एक पेशी जंतूला गिळते, त्याचा एक तुकडा नमुना म्हणून अंगावर बाळगते आणि चालत निघते ती जवळच्या नळीकडे. नळीला दार नाही. नळीची भिंतच छपरावरच्या कौलांसारखी, एकावर एक सैल ठेवलेली, तिच्या फटीतून ही पेशी अंग चोरून आत शिरते. आत गेल्यावर आधी भिंतीला धरून सरपटते आणि पुढे प्रवाह लागला की त्याच्यावर अंग सोडून देते. अशी ती काखेतल्या गाठीत पोचते. तिथे आणखी पेशी बसलेल्या असतात, खूपच. त्यांतल्या प्रत्येकीला फक्त एकेका जंतूची ओळख असते, बाकीच्यांशी तिला कर्तव्य नाही. आमची पहारेकरीण एकेकीला नमुना दाखवत फिरते. जवळजवळ सगळ्याजणी म्हणतात, हे आमच्याकडे येत नाही, पुढच्या टेबलावर विचारा.

मी बाईंना म्हटलं, हे तर आमचं ऑफिस झालं. बाई म्हणाल्या, फरक एवढाच, की इथे शेवटी काम होतं. म्हणजे एखादी पेशी अशी भेटतेच जी म्हणते, हा माझा. मग ती एकीच्या दोन, दोनांच्या चार अशी वाढत जाते. रक्तातून आणखी पेशी येतच असतात, आणि काम मार्गी लागेपर्यंत गाठीतून बाहेर पडायची वाट थोडे दिवस बंद ठेवतात. आलेला कुणी सभा अर्धवट सोडून जायचा नाही. येणारे येतायत, असलेले वाढतायत, जाणारा कुणी नाही, म्हटल्यावर गाठ फुगणारच. म्हणजे ती गाठ दुखणं नसून दुखण्यावरची मीटिंग आहे. मी तिथल्या तिथे टाळी वाजवली. तुमची बहीण माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाली, आणि तसं नसेल तर? बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या की तसं नसेल तर त्याच नळ्यांमधून दुसरंही काही प्रवास करू शकतं, ते मागच्या खेपेला आपण पाहिलंच आहे. हा भाग मी घरी आल्यावर पुन्हा काढला नाही.

त्याऐवजी मी पंपाचा विचार करत राहिलो. कारण मी बाईंना निघता निघता विचारलं होतं, की ह्या लाइनला ढाळ, म्हणजे उतार, किती असतो. त्या म्हणाल्या, ढाळ नसतो. मग पंप? हृदयासारखा मोठा पंपही नसतो. आत झडपा असतात, नळी स्वतःच थोडी थोडी आकसते, आणि बाकीचं पाणी आपण हातपाय हलवले की पुढे सरकतं. ताई, मी खुर्चीवरून उठलो होतो तो परत बसलो. ढाळ नाही, पंप नाही, आणि आख्ख्या शरीराचा निचरा माणूस फिरायला जातो की नाही यावर सोडलेला! असा आराखडा कुणी आमच्या टेबलावर आणला असता तर आम्ही त्याला चहासुद्धा विचारला नसता. पण आहे ते आहे. तेव्हा घरी आल्यापासून मी तिला उजवा हात हलवत ठेवायला सांगितला. स्वयंपाकही डाव्या हाताने करायचा, उजवा हलवायला मोकळा ठेवायचा. बाजारात जाताना ती माझ्या आग्रहाखातर हात वर करून हलवत चालली. समोरून येणाऱ्या दोन-तीन जणांनी तिला उलट हात केला. कोपऱ्यावर एक बस थांबली. मी मागून येत होतो. मी पोचेपर्यंत ही बसमध्ये चढलेलीही होती. ड्रायव्हरने एवढी गाडी थांबवली, त्याला वाईट वाटेल म्हणून चढले, असं तिने नंतर सांगितलं. शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन ती त्याच बसने परत आली. म्हणाली, छान गार हवा होती, आणि तिथे मला कुणी हात हलवायला सांगितलं नाही.

गोळ्या चालू होत्या. बोट बरं व्हायला लागलं, आणि गाठ होती तिथेच होती. वाट पाहा म्हणणं सोपं असतं. आमच्या खात्यात वाट पाहत कुणी बसायचं नाही. कुठल्या घराचं पाणी कुठल्या चेंबरला जातं याचा वाद झाला, की आम्ही रंग सोडायचो. हिरव्या रंगाची पूड मिळते, चिमूटभर टाकली की हौदभर पाणी पोपटासारखं होतं. ती संशयित घराच्या मोरीत ओतायची, आणि पुढचं झाकण उघडून बघत बसायचं. हिरवं आलं, की विषय संपला. हातच्या काकणाला आरसा लागत नाही. (एकदाच जरा गडबड झाली. आम्ही एका बँकेच्या संडासात रंग सोडला आणि तो समोरच्या बागेतल्या कारंज्यातून निघाला. त्या कारंज्याभोवती लोक डबे उघडून जेवायला बसत. चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल अजून यायचा आहे.) आणि ताई, हे डॉक्टर लोकही तेच करतात! मागच्या ऑपरेशनच्या वेळी बाईंनी आधी निळा रंग टोचला होता. गाठीच्या जागेचं पाणी काखेतल्या कुठल्या चेंबरला पहिलं पोचतं ते बघायला. ते मला कळलं तेव्हा त्या परक्या हॉस्पिटलात मला पहिल्यांदा आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. त्यामुळे पुढे मी जे केलं ते वेडेपणाने केलं असं कुणी म्हणू नये. त्यामागे शास्त्र होतं.

निवृत्तीच्या दिवशी मला शाल, घड्याळ आणि खात्यातल्या मंडळींनी गमतीने बांधून दिलेला रंगाचा एक डबा मिळाला होता. घड्याळ बंद पडलं, डबा होता. परवा दुपारी जेवण झाल्यावर ही कॉटवर झोपली, उजवा हात खाली लोंबत होता. मी वाटीत पाणी घेतलं. रंग चिमूटभर पुरतो, पण रोगी घरचा असल्यामुळे मी चमचाभर घातला. वाटी हळूच तिच्या हाताखाली धरली आणि ते दाभणाचं बोट आत बुडवलं. जखमेच्या छिद्रातून रंग आत जाईल, गस्तवाले तो उचलतील, कौलांच्या फटीतून आत शिरतील आणि संध्याकाळपर्यंत काखेत पोचतील, असा माझा अंदाज होता. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग तिला झोपेत नाक खाजलं. मी वाटी बाजूला ठेवायला गेलो तर ती स्टुलाच्या कडेवर बसली नाही. त्यानंतर चादर, गादीचा कोपरा, माझा पायजमा, टेबलावरचा एक भूगोल (शाळेचा, त्यात आता समुद्र नि जमीन एकाच रंगाची आहे) आणि दोन फरश्या एवढ्या वस्तू हिरव्या झाल्या. ती उठून बसली. आरशात जाऊन स्वतःचं नाक पाहून आली. तिने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता घराचं छप्पर उडतं. पण तिने फक्त विचारलं, आता हा रंग काखेत आला म्हणजे काय समजायचं? मी म्हटलं, म्हणजे त्या चेंबरला बोटाचं पाणी येतं, म्हणजे गाठ बोटाची, म्हणजे तुझं ते जुनं काही परत आलेलं नाही. असं का, म्हणाली, आणि फरशी पुसायला फडकं आणलं.

संध्याकाळी तिने मला न्हाणीघरातून हाक मारली. मी गेलो. तिने हात वर केला. ताई, उजवी काख हिरवी होती! गाठीच्या बरोबर वर, रुपयाएवढा हिरवागार ठिपका. मी ओरडलो, लागला! आमच्या खात्यात असंच ओरडायची पद्धत आहे. ती म्हणाली, झालं ना आता समाधान? मग आज तरी नीट जेवा आणि झोपा. मी जेवलो. झोपलोही. सकाळी उठलो तेव्हा तिने माझ्या अंगावर दुसरी, न हिरवी चादर घातलेली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे जायचं होतंच. हिचा हात मनगटापर्यंत हिरवा आणि नाकाचा शेंडा हिरवा पाहून दारातल्या नर्सने आम्हाला रांगेतून काढून थेट आत नेलं, त्यामुळे या खेपेला वेटिंग वाचलं. शिकाऊ डॉक्टर गोळा झाले. एकाने कातडीच्या डॉक्टरांना फोन लावला, दुसऱ्याने स्वतःच्या तोंडाला मास्क लावला. बाई आल्या. त्यांनी कशामुळे झालं ते विचारलं आणि तुमच्या बहिणीने माझ्याकडे बोट दाखवलं, तेही हिरवंच. मी पुरावा रीतसर मांडला. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. बाईंनी तो सगळा ऐकून घेतला, काख पाहिली, तुमच्या बहिणीच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि बेसिनवर जाऊन हात धुतले. मग म्हणाल्या, की अशा रंगाने काही सिद्ध होत नाही. ते त्यांचं मत झालं. त्या अजून तरुण आहेत. रंगाचं काम प्रत्यक्ष चेंबरवर उभं राहून केल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे मी वाद घातला नाही.

तेव्हा एकंदरीत काळजीचं काही कारण नाही, हे कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच. बोट बरं आहे, ती बरी आहे, मी बरा आहे. साडूसाहेबांना आणि घरच्या लहानथोरांना माझी आठवण सांगा. उत्तर पाठवलंत तर पाकिटावर नाव हिचं घाला, माझ्या नावाचं पाकीट तुमच्याकडून आलं तर तिला संशय येईल.

आपला नम्र,
भुयारी मेहुणे

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. गाठ बसली नाही म्हणून येत्या सोमवारी बाई ती काढणार आहेत आणि तपासायला पाठवणार आहेत. उत्तर यायला काही दिवस लागतात म्हणे. हे ताईला कळवायचं नाही, असं तुमच्या बहिणीने मला बजावलंय, आणि मी होकार दिलाय, त्यामुळे हे मी तुम्हाला कळवलेलं नाही. तरी तुम्हाला रविवारपर्यंत येता आलं तर बरं होईल. सहज आले म्हणा. साडूसाहेबांचा गुडघा इकडच्या कुणा डॉक्टरला दाखवायचाय म्हणा. तुमच्या कपाटातलं एखादं पुस्तक फाडून बांधायला आणलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा उघडलं. तुम्ही आलात तर त्या हिरव्या ठिपक्याबद्दल तिच्यापाशी चकार शब्द काढू नका. मी बुडवलं ते तिचं उजवं बोट होतं. त्या संध्याकाळी तिने जेव्हा हात वर केला तेव्हा दुसऱ्या हाताने ब्लाउजची बाही धरली होती, आणि त्या हाताचा, म्हणजे डाव्या हाताचा, अंगठा हिरवा होता. आणि रंग आतून झिरपून आला की पसरट येतो, ताई, कडा धूसर असतात. हा अंगठ्याचा ठसा होता, रेषांसकट. इतकी वर्षं झाकणं उघडून रंगच बघत आलो, हे मला कळणार नाही तर कुणाला कळणार? मला बघताक्षणी कळलं, म्हणूनच तर एवढ्या मोठ्याने ओरडलो. मी बिनघोर झालोय असं तिला वाटतंय, त्यामुळे ती जरा बिनघोर आहे, आणि ते तसंच राहायला हवं. म्हणून मी दिवसभर शीळ घालत हिंडतो. पण मला फार भीती वाटते हो. तिच्यासमोर ती काढता येत नाही. तुमच्यासमोर काढली तर चालेल, कारण तुमचं माझ्याबद्दलचं मत काही त्याहून खाली जायचं राहिलेलं नाही. तेव्हा तिच्यासाठी येऊ नका, ती धीराची आहे. माझ्यासाठी या.